आबांनी गिळलेला पुरावा

भट्टीतून निघालेल्या मालाबद्दल आबांना शिकवील असा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे आबांचंच मत. बिस्किटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ते तपासनीस होते. पट्ट्यावरून सरकणाऱ्या हजार बिस्किटांत एक करपलेलं असलं, तर ते त्यांना पाठ फिरवूनही कळायचं. त्यांची बायको म्हणायची, "घरातलं दूध उतू गेलेलं मात्र समोर बसूनही कळत नाही."

तर अशा आबांची सूनबाई शहरातल्या एका ज्यू बेकरी-कॅफेत उमेदवारी करत होती. तिथे मधे भोक असलेले बेगल मिळत, चॉकलेटचे वेढे भरलेला बाबका मिळे आणि दर शुक्रवारी खाला, म्हणजे केसांच्या वेणीसारखा गुंफलेला गोडसर पाव. तीन महिने संपत आले होते. या शुक्रवारी मालकीणबाई तिचं काम बघणार होत्या आणि नोकरी पक्की करायची की हातात नारळ द्यायचा, ते ठरवणार होत्या.

"मीपण येतो," आबा म्हणाले.

सूनबाईने हातच जोडले. "या. पण आबा, तिथे तोंड फक्त खायला उघडायचं."

"शब्द दिला."

दिला म्हणजे दिला. आबा बायकोला घेऊन भट्टीच्या अगदी जवळच्या टेबलावर बसले, बेगल आणि कॉफी मागवली आणि गप्प राहिले. मधे कमरेइतका कठडा, पलीकडे संगमरवरी ओटा. सूनबाई पिठाच्या वेण्या घालत होती. तिची बोटं इतकी सराईत चालत होती की बघता बघता आबांनी कॉफीत तीनदा साखर घातली.

मग भट्टी उघडली. पाव निघाले सोनेरी, तकतकीत, सगळे एका मापाचे. आबांनी डोळ्यांनीच पास करून टाकले. आणि शेवटी, अगदी मागून, सूनबाईने चिमट्याने एक गोळा बाहेर काढला. आवळ्याएवढा, काळाकुट्ट. तो ओट्याच्या कडेला ठेवून ती आतल्या खोलीत मालकीणबाईंना बोलवायला गेली.

एका करपलेल्या ट्रेपायी कारखान्यातले दोन चांगले भट्टीवाले घरी बसलेले आबांनी पाहिले होते. पोरीच्या हातून गोळा मागे राहिला, करपला, आणि वेडी तो मालकिणीच्या डोळ्यांसमोर ठेवून गेली!

तोंड उघडायचं नव्हतं. हात मात्र मोकळे होते. आबांनी कठड्यावरून वाकून गोळा रुमालात उचलला आणि खिशात टाकला. लगेच मांडी पोळली. घाईघाईने काढून कॉफीत बुडवला, तर तो चुर्र करून वर येऊन तरंगायला लागला. चमच्याने दाबला, पुन्हा वर. आतून पावलं वाजली. आता लपवायला एकच जागा उरली होती.

"काय चघळताय?" बायकोने विचारलं.

आबांनी बशीकडे बोट दाखवलं.

"बेगल तर अख्खा आहे."

आबांनी डोळे मिटून गिळलं. कोळसा खाल्ल्यासारखं लागलं, पण सुनेसाठी सासऱ्याने नाही करायचं तर कोणी करायचं?

मालकीणबाई आल्या. त्यांनी एकेक पाव उलटा करून बुडाला टिचकी मारली, कान लावला, मान डोलावली. "छान झालेत. आणि मी काढून दिलेला गोळा? पूर्ण जाळलास ना?"

"हो, हा काय..." सूनबाई रिकाम्या ओट्याकडे बघत राहिली. "आत्ता इथेच ठेवला होता."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "अगं, मळलेल्या पिठातला एक गोळा प्रार्थना म्हणून बाजूला काढायचा आणि जाळून टाकायचा, ही आमची फार जुनी रीत. तो कोणी खायचा नसतो. तो परत पिठात मिसळून या पावांत गेला असेल, तर यातला एकही पाव मी विकू शकत नाही. बाहेर रांग लागलीय. तीन महिन्यांत एवढी एकच गोष्ट मी तुला पुन्हा पुन्हा सांगितली होती."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी तरळलं. शब्द गेला खड्ड्यात. आबा उठले.

"पावांत नाही गेला तो," ते म्हणाले, आणि बोलताना त्यांचे सगळे दात काळे दिसले. "मी हिचा सासरा, बिस्किटांच्या कारखान्यातला जुना तपासनीस. तो माझ्या पोटात गेलाय. मला वाटलं करपलाय, हिची नोकरी जाईल. म्हणून मी पुरावा नाहीसा केला. पोरीची काही चूक नाही."

"अहो!" एवढंच बायकोला सुचलं.

मालकीणबाईंनी दात पाहिले, कपातली राख पाहिली आणि त्या खुर्चीवर बसून पोट धरून हसल्या. "इतक्या वर्षांत गोळा पळवणारे तुम्ही पहिलेच. नकळत खाल्लात, आता काय करणार! जा गं, पाव काउंटरवर मांड. उद्या शनिवार, आपण बंद. परवापासून पक्की म्हणून ये."

सूनबाई डोळे पुसत पाव मांडायला लागली. रांग पुढे सरकली. आबांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू ही नोकरी त्यांनीच लावून दिली.

जाता जाता मालकीणबाईंनी गमतीने विचारलं, "काय हो तपासनीससाहेब, तो गोळा आम्ही कोणी कधीच चाखलेला नाही. झाला होता कसा?"

एकतीस वर्षांत मालाबद्दल आबा कधी खोटं बोलले नव्हते.

"वरून झकास जळला होता," ते म्हणाले. "आत मात्र कच्चा होता."

सूनबाईचा हात पावावरच थांबला. मालकीणबाई वळल्या. "पूर्ण जाळला म्हणालीस ना गं?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "परवा ये. पण उमेदवारी आणखी एक महिना."

आबा खुलासा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने बशीतला अख्खा बेगल त्यात कोंबला.