आर्डिथबाईंचं एका पानातलं वेळापत्रक

"यंदाचं वेळापत्रक मी एका पानात बसवते. दारातून वाचता येईल असं," आर्डिथ क्लासेनबाईंनी कर्लिंग क्लबच्या सभेत जाहीर केलं, आणि कुणाला शंका काढायला सवडच ठेवली नाही.

टॅमरॅकसारख्या मॅनिटोबातल्या गावात फेब्रुवारीतली कर्लिंगची स्पर्धा म्हणजे सणच. बर्फावरून दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत धावायचं, यासाठी माणसं वर्षभर जगतात. आजवर वेळापत्रक अध्यक्ष लायल पेनर खडूने फळ्यावर लिहीत. ते वाचता येत नसे, म्हणून भांडणंही होत नसत. आर्डिथबाईंची उभी हयात धान्यकोठाराच्या कचेरीत गेलेली. स्प्रेडशीट म्हणजे त्यांच्या हातचा मळ.

स्पर्धेच्या सकाळी क्लबच्या ऑफिसात पडद्यावर वेळापत्रक झळकत होतं. वेळ, टीम, प्रतिस्पर्धी, सगळं ठळक. बाईंनी ऐटीत प्रिंट प्रिव्ह्यू उघडला. पांढऱ्याशुभ्र पानाच्या कोपऱ्यात काहीतरी काळं बसलं होतं.

लायलनी चष्मा वर केला. "माशी बसलीय का गं?"

"वेळापत्रक आहे ते."

बाईंनी अक्षरं दुप्पट मोठी केली. माशीचं चिलट झालं. लायलनी बाहीने पडदा पुसून पाहिला, मग कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा सल्ला दिला. बाईंनी तो ऐकला नाही. सेटिंगमध्ये शोधता शोधता त्यांना 'सगळं एका पानात बसवा' यावर खूण दिसली.

"इथं पाणी मुरतंय," म्हणत त्यांनी ती काढून टाकली.

अक्षरं एकदम गुटगुटीत झाली. फक्त प्रतिस्पर्ध्यांचा रकाना पानावरून गायब झाला, आणि खाली पानांची संख्या शेकड्यात दिसू लागली.

"आर्डिथ, हे एवढी पानं म्हणतंय."

"प्रिव्ह्यूला काय कळतंय? पडद्यावर एकच दिसतंय ना तुला?" आणि बाईंनी प्रिंटचं बटण दाबलं.

पहिलं पान झकास आलं. वेळ आणि टीम. मग कोरी पानं सुरू झाली. एकामागून एक, लग्नातल्या पंगतीसारखी. थांबवायला जावं तर प्रिंटर ऐकेना. मध्येच प्रतिस्पर्ध्यांचं पान येऊन गेलं आणि पुन्हा कोरी रांग लागली. कागद संपला तेव्हा लायल धावत जाऊन चर्चमधून गठ्ठा घेऊन आले, कारण काहीतरी येतंय ते पुरतं येऊ द्यावं असं त्यांचं मत. अगदी शेवटच्या पानावर काहीतरी उमटलं. एक पूर्णविराम.

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. सकाळी टोस्ट खाताना कोपर टेकलं असणार आणि हे टिंब तक्त्याच्या पार पल्याडच्या टोकाला जाऊन पडलं असणार. त्याच्यापर्यंतची सगळी ओसाड जमीन कॉम्प्युटरने इमानेइतबारे एका पानात कोंबली होती. त्यांनी टिंब पुसलं, खूण परत लावली. प्रिव्ह्यूत एक देखणं पान उभं राहिलं.

"बघ," त्या लायलना म्हणाल्या, "रोग सापडला."

पण तोवर प्रिंटरने कागद चावून मान टाकली होती, आणि बाहेर माणसं झाडू आपटत होती. मग बाईंनी आधी छापलेली दोन्ही पानं शेजारीशेजारी भिंतीवर टाचली. उजवं पान एक ओळ खाली सरकलं, हे घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्लंबर टोइव्सच्या टीमसमोर रकान्याचं शीर्षकच आलं. 'प्रतिस्पर्धी' नावाची टीम बाहेरगावची असावी, असं समजून ते बराच वेळ दाराकडे डोळे लावून बसले. शेवटी तळाला एकटी उरलेली शिक्षकांची टीम त्यांच्या गळ्यात बांधली.

खरा घोळ बर्फाच्या तिसऱ्या पट्टीवर झाला. कॉर्नी फेर आणि अब्राम फेर, सख्खे भाऊ, समोरासमोर आले. बर्फ उडवायच्या मशीनवरून त्यांचं बोलणं तुटलं त्याला वर्षं लोटली होती. क्लब दरवर्षी त्यांना जपून वेगळं ठेवी. सगळा क्लब काचेला नाक लावून उभा राहिला.

बराच वेळ दोघं दगडांशीच बोलले. मग कॉर्नी ज्याच्यापुढे झाडू मारत होता तो दगड अर्ध्यात थांबला.

"झाडू अजून म्हातारीसारखाच मारतोस," अब्राम म्हणाला.

"तुझ्याकडूनच शिकलो," कॉर्नी म्हणाला.

सामना संपला तेव्हा दोघं एकाच बाकावर बसून सूप पीत होते. पाद्रीबुवांनी बाईंचा हात हातात घेतला. "आम्हाला इतक्या प्रार्थना करून जमलं नाही, ते तुम्ही कसं जमवलंत?"

"नियोजन लागतं," आर्डिथबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही हलला नाही. लायल सूपमध्ये बघत राहिले.

संध्याकाळी फेर बंधू खांद्याला खांदा लावून ऑफिसात आले. बाई आभार स्वीकारायला उठून उभ्या राहिल्या.

"आर्डिथ, आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय," कॉर्नी म्हणाला, "की या वेळापत्रकाबद्दल तुझी तक्रार करायची."

"लेखी," अब्राम म्हणाला.

बाई घरी निघाल्या त्या ताठ मानेने. वाटेत भेटेल त्याला सांगत होत्या, की फेर बंधूंचं अखेर एका गोष्टीवर एकमत झालं.