अनोळखी कुत्र्याची तालीम

"मालक, तुमची पोरं पळत्यात. आन् पळणाऱ्यामागं कुत्रं लागणारच," सटवा मेंढपाळानं पाटलांच्या ओट्यावर बसून सांगून टाकलं. "मागल्या साली माझा खंड्या तुमच्या नातवंडांमागं गेलता, तेवढ्यात लांडग्यानं दोन कोकरं उचलली. पोरं शहाणी झाल्याबिगर तुमच्या रानात मेंढरं बसायची न्हाईत."

धोंडीराम पाटील सावरून बसले. पेरणीआधी रानात मेंढरं बसली की त्या लेंड्यांवर पीक कसं उठतं, हे चकलांब्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गेल्या साली सटवाचा कळप शेजारच्या आसारामच्या रानात बसला. त्याची ज्वारी पुरुषभर वाढली आणि जीभ हातभर. हंगामभर तो बांधावर उभा राहून पाटलांना आपली कणसं दाखवत होता. यंदाही तेच झालं असतं, तर पाटलांना स्वतःच्या शेतात जाणं मुश्कील झालं असतं.

"काय शिकवायचं ते तर सांग," ते म्हणाले.

सटवानं सांगितलं. अनोळखी कुत्रं दिसलं की आधी त्याच्या धन्याला विचारायचं. त्यानं हो म्हटलं तरच हळू जायचं, डोळ्याला डोळा न भिडवता. मूठ मिटून पुढं धरायची, वास घेऊ द्यायचा. कुत्र्यानं तोंड फिरवलं तर आपणही माघारी फिरायचं. आणि अंगावर धावून आलंच, तर खुंटासारखं जागच्या जागी उभं राहायचं.

"एकादशीला दिवस कलताना खंड्याला घिऊन येतो," सटवा घोंगडी झटकत उठला. "पोरं टिकली तर कळप तुमचा. न्हाईतर आसारामचा."

अडचण अशी होती, की आठ वर्षांच्या गहिनीनाथाला आणि सहा वर्षांच्या बायनाला गावातलं एकही कुत्रं अनोळखी नव्हतं. घरातल्या निम्म्या भाकरी त्या दोघांनी आजवर गावच्या कुत्र्यांनाच घातल्या होत्या. मग तालीम करायची कुणावर? गड्याला कुत्रं व्हायला सांगावं तर तो उद्या गावभर सांगत फिरणार. शेवटी अब्रूचा विचार करून पाटील स्वतःच कुत्रं झाले. आठ दिवस रोज दुपारी, गीताबाई धुणं घेऊन नदीवर गेल्या की पाटील गळ्यात दावं अडकवत, अंगावर घोंगडी घेत आणि अंगणात चार पायांवर उभे राहत.

भरवशाला म्हणून ते एक नवसही बोलले होते. मेंढरं आपल्या रानात बसावीत म्हणून ज्येष्ठातली निर्जळी एकादशी धरायची. जन्मात कधी उपास न केलेल्या माणसानं एकदम पाणीच सोडायचं म्हणजे मोठी उडी होती. पण नवस बोलून दाखवला की फळत नाही, म्हणून त्यांनी गीताबाईंनाही सांगितलं नाही. एकादशीला सकाळी गीताबाईंनी भाकरी वाढली, तर "भूक न्हाई" म्हणाले. पाण्याचा तांब्या पुढं केला, तर खेकसले, "सार तिकडं!"

दुपारी शेवटची तालीम सुरू झाली. ऊन असं, की घोंगडीखाली पाटलांचा पार हुरडा झाला होता. दाराकडून पावलं वाजली. पोरंच आली असं समजून पाटील गुरगुरत, दात विचकत धावून गेले. दारात शेजारच्या केसरबाई उभ्या होत्या. त्या चुलीला विस्तव मागायला आल्या होत्या. हातातली गोवरी तिथंच टाकून त्या किंचाळत पळाल्या.

"केसरबाई, ऐका तरी!" पाटील गळ्यातल्या दाव्यासकट मागं धावले. पण सकाळपासून कोरड्या पडलेल्या घशातून नुसतं भुंकल्यासारखंच काहीतरी बाहेर पडलं.

थोड्याच वेळात अंगणात अर्धं गाव गोळा झालं. आसाराम तर शेजारधर्म म्हणून बैलगाडीच जुंपून आला होता. गाडीत कासराही होता.

"कुत्रं कवा चावलं म्हनायचं पाटलाला?" कुणीतरी विचारलं.

"आबांना न्हाई चावलं," बायनानं खरं तेच सांगितलं. "आबाच कुत्रं झालेत. रोजच व्हत्यात."

गर्दी चार पावलं मागं सरली. तेवढ्यात गीताबाई धुणं डोक्यावर घेऊन आल्या आणि सगळं ऐकून मटकन खालीच बसल्या. "अगं बया! तरीच सकाळपून पाण्याला शिवले न्हाईत!"

"अरं, मला काय धाड भरलीय!" पाटील कडाडले.

"बगा, कसं अंगावर येतंय," आसाराम हलक्या आवाजात म्हणाला. "पिसाळलेलं माणूस पाण्याला भितंय. थांबा, इथंच खरं-खोटं करू." त्यानं तांब्या भरून आणला आणि हात लांब करून पुढं धरला. "पाटील, एक घोट घ्या. न्हाईतर बीडच्या दवाखान्यात न्यावं लागंल."

पाटलांनी त्या गार पाण्याकडं पाहिलं. दिवस कलला होता, सटवा येण्याची वेळ झाली होती. एक घोट घेतला की नवस गेला, कळप गेला आणि बांधावर पुन्हा हा आसाराम उभा.

"घेनार न्हाई!"

"कावून?"

"सांगनार न्हाई!" असं ओरडून पाटलांनी तांब्याला असा फटका मारला, की सगळं पाणी आसारामच्या तोंडावर उडालं.

"चावला!" आसाराम बोंबलला आणि गर्दी फुटली.

नेमका त्याच वेळी सटवा खंड्याला घेऊन वेशीकडून आला. चाळीस-पन्नास माणसं एकदम पळताना पाहून खंड्याला राहवेना. हिसका देऊन तो सुटला आणि भुंकत थेट अंगणात घुसला. वासराएवढं ते धूड पाहताच पाटील आठ दिवसांत शिकवलेलं सगळं विसरले. धोतराचा सोगा हातात धरून ते धूम पळाले आणि कडब्याच्या गंजीवर चढले. आसाराम आधीच तिथं बसला होता.

"पाटील, पाया पडतो, चावू नका!"

"सरक की बे तिकडं! खालचं चावंल!"

गीताबाईही उंबऱ्याआड झाल्या होत्या. खाली अंगणात दोघंच उरली होती. गहिनीनाथ आणि बायना हात अंगाशी धरून, मान खाली घालून खुंटासारखी उभी होती. बायनाचा परकर थरथरत होता, पण पाय हलत नव्हते. खंड्या त्यांच्यापाशी येऊन थबकला, एकदा भोवती फिरला आणि उभा राहिला. मागून धापा टाकत सटवा आला.

"सटवाबाबा," बायनानं वर न बघता विचारलं, "ह्याला हात दिऊ का?"

"दे, माय."

दोन इवल्या मुठी पुढं झाल्या. खंड्यानं त्या हुंगल्या, चाटल्या आणि शेपूट हलवत तो बायनाच्या पायाशी बसला. वर गंजीवर धोंडीराम पाटलांच्या डोळ्यांना पाणी आलं.

सटवानं मान वर केली. "मालक, कळप तुमचा. सकाळच्याला मेंढरं घिऊन येतो."

पाटलांनी आसारामकडं असं पाहिलं, की वर्षभराचं उट्टं निघालं.

"पन एक अट हाय," सटवा पुढं म्हणाला. "मेंढरं बसली हायेत तवर तुमी रानाकडं फिरकायचं न्हाई. पळालेलं माणूस खंड्या इसरत न्हाई. आसारामभाऊ, तुमी बी बांधावर यिऊ नका."

तालीम कशाची होती ते सटवाकडून कळलं, तशी भिंतीआडून डोकावणारी माणसं हसत पांगली, सटवा गेला, बैलगाडी रिकामीच परतली. पाटील गंजीवरून उतरले, अंगावरचा कडबा झटकला आणि इकडंतिकडं बघत बायनासमोर उकिडवे बसले.

"बाई," त्यांनी मूठ पुढं करून हळूच विचारलं, "अंगठा आत घ्यायचा का भाईर?"

"आबा," बायना म्हणाली, "आधी डोळं खाली."