पाण्याखालचा बांध

आमचे धोंडीअण्णा रोज सकाळी चहा पिऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला भांडायला जात. अगदी नेमानं, धुतलेली टोपी घालून. भांडण बांधाचं. गणूतात्यांनी बांध कोरून त्यांची दोन हात जमीन खाल्ली म्हणे. आणि हा बांध कुठं, तर पाटणच्या डोंगरात, धरणाच्या तळाशी. तिथं आता मासे फिरतात.

आमच्या गावाची जन्मकथा काही मिरवण्यासारखी नाही. धरण झालं, जुनं गाव बुडालं आणि सरकारनं सगळ्यांना ट्रकांत भरून सांगलीकडच्या या माळावर आणून ओतलं. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले. जन्मभर भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसं दोन टोकांना गेली. अण्णांना तीन नंबर, तात्यांना एक्केचाळीस. अजून गावाला धड नाव नाही. एसटीचा कंडक्टर 'प्लॉटवाले उतरा' म्हणतो. त्यात आमचा प्लॉट चार, म्हणजे अण्णांचा शेजार.

एकदा न राहवून मी विचारलं, "आवं अण्णा, जमीनच न्हाई, तर बांध कशाचा?"

"पाणी वर हाय. जमीन खालीच हाय. ती कुठं जातीया?"



तात्याही कमी नव्हते. ओट्यावर तयारच बसलेले असायचे.

"बांधावरचा फणस कुणाचा रं, गणू?"

"माज्या आज्ज्यानं लावल्याला!"

"मूळ माज्या रानात हुतं!"

असं तासभर चालायचं. मग तात्याच चहा टाकायचे. बायको गेल्यापासून घरात ते एकटेच होते. दोन रिकामटेकडे म्हातारे, दुसरं काय!

गेल्या महिन्यात तात्यांचा मुलगा त्यांना कायमचं मुंबईला न्यायला आला. सामान उचलायला मी गेलो होतो. तेवढ्यात टोपी घालून अण्णा भांडायला हजर. तात्यांनी त्यांचा हात धरला.

"धोंडी, लय झालं. ते दोन हात तुझं. फणसबी तुझा. माजीच चूक हुती."

म्हातारा जन्माचा दावा जिंकला होता. मला वाटलं, आता पेढे वाटणार. तर अण्णांनी संतापानं हात सोडवून घेतला.

"आसं कसं सोडतूस? न्हाई घेत मी! भांड की लेका!"

तात्या गाडीत जाऊन बसले. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी अण्णा टोपी घालून स्वतःच्याच ओट्यावर बसले होते. चहा तसाच निवलेला. तिसऱ्या दिवशीही तेच. मला बघवेना. चौथ्या दिवशी मी कुंपणाजवळ गेलो आणि म्हणालो, "अण्णा, खरं सांगू? फणस तात्यांचाच हुता."

अण्णांनी मान वर केली.

"तू तवा पाळण्यात हुतास. तुला काय ठावं?" ते गरजले, आणि सरकून ओट्यावर मला जागा केली.