शंभर मिलिलिटर गंगा

सन २०२३ची गोष्ट. प्रवाशाचा जीव मोलाचा असतो, आणि तो विमानात बसेपर्यंत फार जपला जातो. सुरी, लायटर, कापूर, सुके खोबरे, सगळ्यांना मज्जाव. (कापूर पेटतो, खोबरे तेलकट असते आणि गंगा ओली असते.)

माझी थोरली बहीण शरदिनीताई शारजाला मुलाकडे अंथरुणाला खिळली होती. गंगेकाठी, मंगला गौरीच्या गल्लीत जन्मलेल्या बाईची इच्छा एकच: जाताना तोंडात गंगा पडावी. मी बालाजी घाटावर तांब्याचा गडू भरला, त्याचे तोंड कथलाने झाळून घेतले आणि भाचा यज्ञेशबरोबर निघाले.

मोठ्या बॅगेत टाकला असता तर गडू बिनबोभाट गेला असता. पण त्या बॅगेत चपला होत्या. आमच्यात गंगा चपलांशेजारी ठेवत नाहीत, मांडीवर नेतात. पूर्वी आगगाडीत गडू दिसला की लोक पाय आवरून हात जोडत. आता यंत्र बोंबलते.

"माताजी, इसमें क्या है?" तपासणीच्या बाईंनी विचारले.

"गंगाजी."

"मतलब लिक्विड. सौ एमएल से ज़्यादा नहीं जाएगा."

"बेटी, तुम्हारे घर में कोई मरता नहीं?"

"मरता है, माताजी. पर हम लोग तो यहीं मरते हैं."



"आत्या, माझी बाटली आहे ना!" यज्ञेश म्हणाला. दाढीनंतर लावायच्या सुगंधी पाण्याची. शंभर मिलिलिटर, पारदर्शक पिशवीत, निर्दोष. दुसऱ्या कुणाकडून जप्त केलेल्या स्क्रूड्रायव्हरने बाईंनी गडू फोडला. (टोकदार वस्तू सुरक्षेला किती उपयोगी!) बाटली गंगेनेच धुतली, म्हणजे पवित्र झाली. वास राहिला. उरलेली गंगा बेसिनमधून गटारात गेली, म्हणजे यथावकाश गंगेतच.

शारजात ताईने दोन चमचे गिळले आणि डोळे उघडले. "गंगेला हा कसला गं वास?"

"हल्ली असाच येतो."

तिला पटले. गंगेबद्दल हल्ली काहीही सांगितले तरी पटते.

ताई त्याच आठवड्यात समाधानाने गेली. तपासणीच्या बाईंची बदली लांब झाली. जाताना त्यांनी गंगाजल नेले म्हणे, मोठ्या बॅगेत, बुटांखाली. यज्ञेशने नवी बाटली घेतली, बिनवासाची. माझ्याकडे बघून म्हणाला, "असू दे, आत्या."

तुम्हीही उद्या मुलांकडे परदेशी जाल. तिथे तुमच्यासाठी जो धावत येणार आहे, तो दाढीला काय लावतो, ते आजच हुंगून ठेवा.