बिनक्लचच्या गाडीला नारळाचा दणका

"ज्याला फियाट चालवता येते, त्याला विमानसुद्धा चालवता येतं!" हे सुधीर पाटणकरचं ठरलेलं वाक्य. विमान त्याला कुणी दिलं नाही, पण १९८७ सालच्या दसऱ्याला एक ऑटोमॅटिक गाडी मात्र त्याच्या वाशीतल्या बिल्डिंगखाली उभी होती.

गाडी त्याच्या डच साहेबांची. न्हावा शेवा बंदराच्या कामासाठी आलेले साहेब महिनाभर रजेवर गेले होते. जाताना म्हणाले होते, "एक दिवसाआड जागच्या जागी सुरू करत जा. चालवायची ती फक्त मला विमानतळावर घ्यायला येताना." साहेब दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी येणार होते. आल्यावर ते सुधीरच्या नोकरीच्या कायमपत्रावर सही करणार होते. वर्षभराचं प्रोबेशन त्या सहीवर टांगलेलं!

"उद्या एकदम हायवेला नेण्यापेक्षा आज सेक्टरात एक चक्कर मारतो," सुधीर म्हणाला.

"आधी पूजा!" त्याच्या बायकोने, सुनीतीवहिनींनी, ताट पुढे केलं. दसऱ्याला गाडी बिनपूजेची न्यायची म्हणजे काय! हळद, कुंकू, झेंडूची माळ. नारळ मात्र हट्टी निघाला. गाडीच्या पुढच्या लोखंडी हुकावर वहिनींनी तीन दणके घातले, तेव्हा कुठे फुटला.

वहिनींना ताटासकट शेजारी बसवून सुधीरने चाकाखाली लिंबू चिरडत गाडी काढली. वळणावर सवयीने त्याने डाव्या पायाने क्लच दाबला. क्लच नव्हताच! पाय पडला ब्रेकवर. वहिनींच्या हातातलं प्रसादाचं ताट काचेवर आपटलं आणि सुधीरच्या कपाळाला आपोआप कुंकू लागलं.

"डावा पाय मांडी घालून ठेवा!" वहिनी ओरडल्या.

पुढचं त्याहून वाईट होतं. वेग वाढवला की इंजिन रेड्यासारखं ओरडायचं, गिअर मात्र बदलायचा नाही. मग एकाएकी धाडकन बदलायचा आणि दोघांच्या माना एकदम होकार द्यायच्या.

सुधीरला घाम फुटला. "गिअरबॉक्स गेला! तुझ्या तीन दणक्यांनी गेला! आता कसलं कायमपत्र?"

"नारळानं गिअरबॉक्स जातो?"

"परदेशी माल आहे तो! नाजूक असतो!"

सुधीर धावत जाऊन सानपाडा गावातून नामदेव मिस्त्रीला घेऊन आला. नामदेव म्हणजे डंपर दुरुस्त करणारा माणूस. त्याने दार उघडलं, आत वाकून पाहिलं आणि तो हबकलाच.

"सायेब, क्लच चोरीला गेलाय! पोलिसात सांगा!"

"अरे, याला क्लच नसतोच!"

"मंग गिअर कोन बदलतो?"

"ती स्वतःच बदलते."

"सोताच?" नामदेवने गाडीकडे आदराने पाहिलं. मग त्याने गिअरपेटीच्या तेलाची कांडी ओढली, बोटाला तेल लावलं, हुंगलं. "लाल हाय. जलका वास नाय. पेटी जिती हाय, सायेब!"

सुधीरच्या जिवात जीव आला, पण अर्धाच. मग बिघाड कुठे? नामदेवने गाडीतलं इंग्रजी पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि वाचायला लावलं. बरीच पानं उलटल्यावर सुधीर ओरडला, "थ्रॉटल पोझिशन सेन्सर!"

"सेन्सॉर?" वहिनींना राहवेना. "तो सिनेमाला असतो ना? गाडीत काय कापायचं असतं त्याला?"

"अगं, अॅक्सिलरेटर किती दाबलाय ते सांगणारी डबी! तिच्या सांगण्यावरून गाडी गिअर बदलते."

नामदेवने बॉनेटखाली ती काळी डबी हुडकली, डंपरच्या वायरिंगचा मीटर तिच्या तारांना लावला. "दाबा पाय. हलू... हलू..." काटा सावकाश वर चढायला हवा होता. तो बेडकासारख्या उड्या मारत होता!

"डबी खोटा बोलते!" नामदेव खूश झाला. "दोन स्क्रू ढिले हायत. डबी जाग्यावर नाय."

"ऐकलंस?" सुधीर वहिनींवर उखडला. "स्क्रू ढिले! दणक्यानं!"

नामदेवने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं. त्याने डबी सरकवली, काटा सरळ चढेपर्यंत जुळवली आणि स्क्रू घट्ट आवळले. पुढची चक्कर लोण्यातून सुरी फिरावी तशी झाली. सुधीरने तर आनंदाने नामदेवला मिठीच मारली. नवा सदरा तेलाने बरबटला, तरी त्याला पर्वा नव्हती.

दुसऱ्या दिवशी विमानतळावरून साहेब स्वतः चालवत निघाले. सुधीर बाजूला जीव मुठीत धरून बसला. गाडी चेंबूरपर्यंत गेली. मानखुर्द गेलं. खाडीपूल आला. एक धक्का नाही!

साहेबांनी पुलावरच विचारलं, "पाटणकर, गाडीला काय केलंत?"

"क... काही नाही सर. दोन स्क्रू..."

"कमाल आहे! मे महिन्यापासून ही गिअर बदलताना धक्के देत होती. मी दोन गॅरेजं पालथी घातली. कुणाला सापडलं नाही!"

मे महिन्यापासून! सुधीरला हसावं की रडावं कळेना. मग त्याने मोकळा श्वास घेतला, इतका मोठा की साहेबांनी काच खाली केली. ऑफिसात पोचताच पत्रावर सही झाली.

पेढे घेऊन तो घरी आला. वहिनींनी पत्र देवापुढे ठेवलं, हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. आनंदाच्या भरात सुधीरने साहेबांचं सगळं बोलणं सांगून टाकलं. सगळं म्हणजे अगदी सगळं.

"मे महिन्यापासून?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "आणि आपण नारळ फोडला कधी?"

ऑफिसात सुधीर त्या दिवशी कायम झाला. घरातलं प्रोबेशन मात्र त्याच संध्याकाळी सुरू झालं.