पास्कलभाऊंची भांडणं

पास्कलभाऊ सोमवारपासूनच भांडणं जमवायला लागत. रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेला, मिस्सेला, कमी पडायला नकोत.

लॅटिन जाऊन मिस्सा हिंदीत आली, तेव्हा एकमेकांना शांतीचा नमस्कार करायचा विधीही आमच्या बालाघाटच्या चर्चमध्ये सुरू झाला. मी प्रवचनात सांगितलं, ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्याकडे आधी जा. बाकीच्यांनी बसल्या जागी हात जोडले. मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे पास्कलभाऊ मात्र तरातरा चालत अंतोन शिंप्याकडे गेले. त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून म्हणाले, "माफ किया बोल!"

"किया, किया! हात सोडा न भाऊ!"

पुढच्या रविवारी तीन जण. मग पाच. कुणाशी मोरीच्या पाण्यावरून, कुणाशी कटंगीच्या बाजारातल्या वांग्यांवरून. माफी मागत ते चर्चभर फिरायचे आणि मी वेदीपाशी ताटकळत उभा. लोक माझ्याकडे तक्रार घेऊन आले. शेवटी मी त्यांना बोलावलं.

"भाऊ, मुद्दाम भांडता?"

"हौ." जराही लाजले नाहीत. "भांडण नसलं त माह्याकडे कोण येते, फादर? माफी मागाले तरी मले जाता येते."

मी मान खाली घातली, पण म्हटलं, "आता पुरे. जागेवरूनच नमस्कार करायचा."

त्यांनी ऐकलं. आठवडाभर गल्लीत त्यांचा आवाज नव्हता. रविवारी त्यांनी जागेवरून हात जोडले, कुणाकडे तेही नीट कळेना. मिस्सा वेळेत संपली. मला जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी अंतोन बगलेत कोंबडी दाबून त्यांच्या दारात उभा. मी समोरच्या माझ्या व्हरांड्यातून पाहत होतो.

"ही तुमचीच न? माह्या नव्या कापडावर घाण करून राह्यली! अन् काहून हो, आठ दिवस आवाज नाही तुमचा?"

"फादरनं मना केलं."

"फादरले काय समजते! निघा बाहेर, भांडा!"

मग काय विचारता! कोंबडीचं खानदान निघालं. पलीकडच्या घरातून रोझाबाई, अंतोनची बायको, ओरडली, "चहा झाला, पिऊन भांडा!"

खरं सांगतो, मला त्या दोघांचा हेवा वाटला. इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी भांडलं नव्हतं. मी बोललो की "हौ फादर", मी आलो की सगळे उभे. न राहवून मी तिकडे गेलो. दोघं एकदम गप्प झाले. अंतोननं हात जोडले.

"भांडा की," मी म्हणालो.

पास्कलभाऊंनी अंतोनच्या बगलेतली कोंबडी घेतली, माझ्या हातात कोंबली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अन् तुमचं कालचं प्रवचन! किती लांबवता हो? झोप लागली मले."

"घोरत होतात," मी म्हटलं, "वेदीपर्यंत ऐकू येत होतं."

"मी? मी घोरतो?" पास्कलभाऊ गरजले, आणि ओट्यावर बसत, सरकून त्यांनी मला जागा करून दिली.