वरच्या मजल्याला दुखत नाही

माणसाच्या शरीरात सगळं काही दुखतं. दात दुखतो, पाठ दुखते, करंगळीचं नखसुद्धा दुखतं. ज्याच्यामुळे हे दुखणं कळतं तो मेंदू मात्र स्वतः दुखत नाही. कवटी उघडून त्याला सुई टोचली तरी त्याला पत्ता लागत नाही. (डोकं दुखतं ते मेंदूच्या आजूबाजूचं. मेंदू फक्त तक्रारीची नोंद घेतो.) निसर्गाने ही व्यवस्था फार विचारपूर्वक केलेली दिसते. ज्याने निर्णय घ्यायचे त्यालाच दुखायला लागलं, तर निर्णय घेणार कोण?

हे सत्य बिस्किटांच्या एका कारखान्याला जावईसाहेबांमुळे कळलं.

जावईसाहेब म्हणजे मालकांचे जावई. लग्नानंतर ते कारखान्याचे व्यवस्थापक झाले. त्याआधी ते काय होते, हे विचारायची तिथे पद्धत नाही. एकदा ते कसल्याशा शिबिराला गेले, तिथे एका वक्त्याने मेंदूवर व्याख्यान दिलं, आणि जावईसाहेब परतले ते प्लॅस्टिकचा एक मेंदू काखेत मारूनच. तुकडे सुटे होणारा, प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि जाहीर केलं, की लाखो वर्षं एकही संप न होता चाललेली संस्था जगात एकच आहे, ती म्हणजे मानवी शरीर. तेव्हा उद्यापासून कारखाना त्याच धर्तीवर चालेल.

टाळ्या झाल्या. मेंदू पुन्हा जोडताना एक गुलाबी तुकडा उरला. तो कशाचा होता हे कुणालाच सांगता येईना, म्हणून टेबलावरचे कागद उडू नयेत यासाठी तो त्यांच्यावर ठेवायच्या कामी आला.

मुकादम मागच्या रांगेत उभा होता. भट्टीच्या धगीपुढे त्याचे केस पिकले होते, आणि इतक्या वर्षांत त्याला कुणी शरीराचा भाग म्हटलं नव्हतं. आता त्याला पद मिळालं: मेरुरज्जू. त्याचं स्टूल जिन्याच्या पायथ्याशी होतं, एवढीच त्याची पात्रता. छातीवर बिल्ला लावूनच तो घरी गेला.

"म्हणजे नक्की काय झालात?" बायकोने विचारलं.

"मेरुरज्जू. पाठीच्या कण्यातून जातो तो."

"तुमच्या कण्यातून?" ताट पुसता पुसता ती थांबली. "असू दे. कुठून तरी सुरुवात होतेय."

नवी रचना अशी होती. वरचा मजला हा मेंदू. मेंदूवर तीन आवरणं असतात, म्हणून जिन्याच्या वरच्या टोकाला एकामागोमाग तीन दारं बसवली. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवरणाच्या मध्ये द्रव असतो, म्हणून तिथे थंड पाण्याचं यंत्र ठेवलं. (तक्रार घेऊन आलेला माणूस पाणी पिऊन शांत व्हायचा. निम्मी तक्रार तिथेच ओघळून जायची.) मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम पन्नासाव्या भागाएवढं, पण शरीराच्या कमाईतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो. या शास्त्रीय आधारावर चहाच्या किटल्यांतली दर पाचवी किटली थेट वर जाऊ लागली. बिस्किटांचं वेगळं सांगायला नको.

मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू सांभाळतो आणि डावा भाग उजवी. त्यामुळे उजव्या केबिनमधल्या साहेबांना हॉलची डावी बाजू मिळाली आणि डाव्या केबिनमधल्या साहेबांना उजवी. केबिनच्या खिडक्या मात्र पूर्वीच्याच जागी होत्या. परिणामी प्रत्येक साहेबाला ज्या बाजूवर अधिकार नाही ती लख्ख दिसे, आणि जिच्यावर अधिकार आहे ती दिसत नसे. (ही पद्धत इतरत्र मेंदूचा अभ्यास न करताच लागू झालेली आढळते.)

शरीरात खबर वर नेणाऱ्या नसा वेगळ्या आणि हुकूम खाली आणणाऱ्या वेगळ्या. म्हणून शिपाई दोन. चढत्या शिपायाने फक्त वर सांगायचं, उतरत्याने फक्त खाली सांगायचं. चढता शिपाई वर गेल्यावर खाली कसा यायचा, याची शरीरात सोय सापडली नाही. म्हणून तो मागच्या लोखंडी शिडीने, तोंडातून चकार शब्द न काढता उतरायचा. लहान मेंदू तोल सांभाळतो, ते काम हिशेबनिसाकडे गेलं. श्वास आणि हृदयाचे ठोके बघणारा मेंदूच्या बुडाचा भाग म्हणजे वॉचमन. त्याला रजा बंद झाली, कारण श्वासाला रजा नसते.

खऱ्या शरीरात निरोप सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो. कारखान्यात त्याला एक जिना चढायला पाऊण तास लागू लागला. जावईसाहेबांच्या मते फरक वेगाचा होता, तत्त्वाचा नव्हता.

मुकादमाला मात्र हे सगळं मनापासून आवडलं. पूर्वी पीठ घट्ट झालं, भट्टी तापली, की त्यालाच काय ते ठरवावं लागे आणि रात्री अंथरुणात त्याचा घोर लागे. आता वर कळवलं की संपलं. एकदा भट्टीतले ट्रे बाहेर काढायची परवानगी येईतो बिस्किटं काळी ठिक्कर पडली. ती 'विचारपूर्वक भाजलेली' अशा नव्या वेष्टनात बाजारात गेली. मुकादम त्या दिवशी गाढ झोपला.

फक्त रोलरवाली मावशी त्याला सुखाने बसू देत नसे. पीठ लाटायच्या रोलरवर ती कधीपासून उभी होती हे तिलाही आठवत नव्हतं.

"ओ मणकेसाहेब, रोलरपुढची जाळी दुरुस्तीला नेली ती गेलीच. पीठ सारताना हात आत जाईल कुणाचा तरी. वर कळवा की."

"कळवलंय, मावशी."

"मग?"

"रोलर उजव्या बाजूला आहे, म्हणून ते डाव्या साहेबांकडे गेलं. त्यांना त्यांच्या खिडकीतून रोलर दिसत नाही."

"आणि ज्यांना दिसतो ते?"

"त्यांचा अधिकार नाही."

"बरं झालं सांगितलंत. आता मीपण डोळे मिटून पीठ सारते, म्हणजे सगळे सारखे होऊ."

चारआठ दिवसांनी मावशीचा डावा हात पिठाबरोबर रोलरमध्ये गेला.

ती ओरडली. नियमानुसार चढता शिपाई उठला, त्याने टोपी घातली, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. एवढ्यात खटकन आवाज झाला आणि सगळं थांबलं. मुकादमाचा हात भिंतीवरच्या मोठ्या बटणावर होता. तो तिथे कधी गेला हे मुकादमालाही कळलं नाही. त्याने धावत जाऊन चाक उलटं फिरवलं आणि हात सोडवला. मावशीने तो ॲप्रनमध्ये गुंडाळला, मैद्याच्या पोत्यावर टेकली, आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाली, "आता तुमचं काय खरं नाही, मणकेसाहेब. विचारलं नाहीत तुम्ही कुणाला."

बिस्किटांच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. गाडी फाटकाबाहेर पडत होती तेव्हा उतरता शिपाई हुकूम घेऊन आला: आवाज कसला ते नंतर बघू, मशीन चालू ठेवा.

दुसऱ्या दिवशी वर चौकशी बसली. मुकादम आयुष्यात प्रथमच तीन दारं ओलांडून आत गेला. वाटेत तो पाणीही प्याला.

"मशीन बंद करायचा निर्णय कुणी घेतला?" जावईसाहेबांनी विचारलं.

"मी नाही, साहेब. हाताने घेतला."

"कुणाला विचारून?"

"विचारच केला नाही, साहेब."

"तेच तर आमचं म्हणणं आहे."

मग अधिकाराचा प्रश्न निघाला. डावे साहेब म्हणाले, मशीन उजवीकडचं म्हणजे माझं, मान्य. पण हात डावा होता, तो उजव्या साहेबांचा. उजवे साहेब म्हणाले, हात जातीने डावा असला तरी घटनेच्या वेळी तो उजव्या बाजूला गेला होता, आणि तो माझ्या परवानगीने गेला नव्हता. डावे साहेब म्हणाले, मग तो तुमचा हात विनापरवाना माझ्या मशीनमध्ये घुसला, त्याचं काय? यावर पाचवी किटली संपली. दुसरी मागवली. हात मनगटापर्यंत एकाचा आणि पुढे दुसऱ्याचा धरावा, अशी तडजोड हिशेबनिसाने सुचवली. तोल सांभाळणं हे त्याचं कामच होतं.

शेवटी जावईसाहेबांनी प्लॅस्टिकच्या मेंदूबरोबर आलेली माहितीपुस्तिका उघडली. तीत प्रतिक्षिप्त क्रिया नावाचा एक परिच्छेद निघाला. हाताला चटका बसला, तर मेरुरज्जू मेंदूला न विचारता हात मागे घेतो. मेंदूला नंतर कळवलं जातं.

जावईसाहेबांनी परिच्छेद पुन्हा वाचला. त्यांचा आवाज जड झाला.

"म्हणजे शरीरातसुद्धा बेशिस्त आहे," ते म्हणाले. "निदान तिथे तरी नसेल असं वाटलं होतं."

तरीपण ते खचले नाहीत. त्यांनी तर्काने वाट काढली. मुकादमाचं बरोबर असेल, तर खालच्या मजल्याला वर न विचारता निर्णय घेता येतात. तसं असेल, तर वरचा मजला कशाला? पण वरचा मजला आहे, हे तर उघड आहे. सगळे तिथेच बसले होते. म्हणजे मुकादमाचं बरोबर नाही. शिवाय जाळी नसताना हात आत गेला असं धरलं, तर जाळीची तक्रार वर येऊन पडली होती हेही धरावं लागेल. तेव्हा सर्व बाजूंनी विचार करता हात आत गेलाच नव्हता. मशीन साफसफाईसाठी बंद केलं होतं, आणि मावशी घरी पाय घसरून पडल्या. घरी पडलेल्या बाईच्या दवापाण्याशी कारखान्याचा संबंध येत नाही, तिच्या रजेच्या पगाराशीही नाही.

"फक्त तुम्ही तेवढं सांगा," जावईसाहेब मुकादमाला प्रेमाने म्हणाले. "नाहीतर मेरुरज्जू बदलावा लागेल. तसे अर्ज आलेत. हात होता का आत?"

मुकादमाच्या शरीराने त्या क्षणी चोख काम केलं. डोळ्यांपुढे रोलर उभा राहिला. कानात ती किंकाळी पुन्हा वाजली. तळहातांना उलटं फिरवलेलं चाक पुन्हा जाणवलं. खालून जे जे कळवायचं ते सगळं वर पोचलं. मग त्याने टेबलावर गुलाबी तुकड्याखाली ठेवलेल्या अर्जांकडे बघितलं, स्वतःच्या वयाचा विचार केला, या वयात दुसरीकडे कोण घेणार याचा विचार केला, बायकोचा केला, घराच्या भाड्याचा केला.

"नव्हता, साहेब," तो म्हणाला.

मशीन बंद करताना त्याने जराही विचार केला नव्हता. हे उत्तर मात्र त्याने पूर्ण विचार करून दिलं. मोठ्या मेंदूचं महत्त्व यावरून दिसून येतं.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. "काय झालं? कणा काढून घेतला?"

"नाही गं. बढती दिली. मुख्य मेरुरज्जू."

"म्हणजे काढूनच घेतला," ती म्हणाली आणि आत गेली.

कारखान्यात सुधारित नियम लागला. प्रतिक्षिप्त क्रियांना यापुढे मुभा राहील, मात्र अपघाताच्या किमान एक दिवस आधी दोन्ही केबिनची मंजुरी घ्यावी लागेल. हा नियम इतका यशस्वी ठरला की त्यानंतर एकही प्रतिक्षिप्त क्रिया घडल्याची नोंद नाही. जाळीही आली. ती डाव्या बाजूला, भट्टीपुढे बसवण्यात आली, कारण ती उजव्या साहेबांनी मागवली होती.

बऱ्याच दिवसांनी मावशी कामावर परतली. तिला रोलरवरून काढून भट्टीवर टाकलं होतं. हाड जुळलं होतं, कातडी भरून आली होती, पण डाव्या हाताच्या दोन बोटांतली नस तुटली ती तुटलीच. तिथून आता वर काही जात नव्हतं.

ती आली, आणि भट्टीतून निघालेला ट्रे तिने फडकं न घेता त्या दोन बोटांच्या चिमटीत उचलला.

"मावशी! भाजेल!" मुकादम स्टुलावरून उठला.

"भाजतंयच की. मला कुठे कळतंय?" ती ट्रे तसाच धरून राहिली. "मणकेसाहेब, आता मला वर घ्यायला सांगा. सगळी नाही, पण माझी दोन बोटं तरी लायक झालीत."

मुकादम पुढे झाला आणि त्याने ट्रेला हात घातला. चर्र झालं. काही सुचायच्या आत हात मागे आला, ट्रे खाली आदळला, आणि बिस्किटं हॉलभर गडगडत गेली. पोळलेली बोटं काखेत दाबून मुकादमाने आधी वर बघितलं. खिडकीत कुणी नव्हतं.

तो वर बघतोय, हे मावशीने बघितलं.

"घाबरू नका," ती वाकून बिस्किटं गोळा करत म्हणाली. "कुणी विचारलं तर मी सांगेन, तुम्ही हात लावलाच नव्हता म्हणून."

मावशीचा हात उजव्या साहेबांचा की डाव्या, यावर चौकशीत एवढा खल झाला की तो आता तुम्हालाही पाठ असेल. तो दुखतोय का, हे मात्र समितीने विचारलं नाही. मुकादमाने विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. तुम्ही त्या वेळी उजव्याडाव्याला हसत होता. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याही वरच्या मजल्याला तीन दारं आहेत, आणि वाटेत थंड पाण्याची सोय आहे.